सुरुवातच होत नाही? मग या चुका टाळा

ठरवलेल्या कामाला हात न घालणाऱ्या माणसाला आपण आळशी म्हणून मोकळे होतो, आणि बहुतेक वेळा तो स्वतःही ते निमूटपणे मान्य करतो. निदान चुकले की उपायही चुकतो. चालढकलीचा दीर्घकाळ अभ्यास केलेले कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल यांच्या मांडणीनुसार ही अडचण वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याची असते. काम समोर आले की कंटाळा, धास्ती किंवा आपल्याला जमणार नाही अशी शंका येते, ती नको म्हणून माणूस कामच बाजूला सारतो, आणि त्या क्षणी बरे वाटल्यामुळे पुढच्या वेळीही तेच करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुहूर्ताची वाट पाहणे, आणि गोव्यात तर या सबबीला वर्षभर तोटा नाही. चतुर्थी झाली की बघू म्हणावे तर मागोमाग दसरा-दिवाळी येते, तुळशीचे लग्न आटोपते न आटोपते तोच गावोगावच्या जत्रा सुरू होतात, मग शिगमो, मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आणि जूनमध्ये पाऊस. वर्षाचा किंवा आठवड्याचा पहिला दिवस नवी उभारी देतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले आहे. पण ती उभारी येत्या सोमवारी वापरायची असते, दोन महिन्यांनंतरच्या पाडव्यासाठी राखून ठेवायची नसते.

दुसरी चूक अशी की आपण ध्येय ठरवतो, पहिली कृती ठरवत नाही. वर्षभर चालायला जायचे टाळणारा गृहस्थ चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला मात्र कोणी न सांगता उभा राहतो. तिथे दिवस ठरलेला असतो, घरातील चार हात सोबत असतात, आणि आधी लाकडी चौकट पुसायची, मग दोऱ्या घेऊन नारळ आणि सुपारीचे घोस बांधायचे, हे त्याला विचार न करता ठाऊक असते. ‘यंदा जत्रेसाठी नाटक लिहायचे’ या संकल्पात यातले काहीच नसते. त्याऐवजी ‘रात्री जेवणाची ताटे उचलली की त्याच टेबलावर वही उघडून पहिल्या प्रवेशातील चार संवाद लिहायचे’ असे ठरवावे. अमुक घडले की तमुक करायचे, अशा बांधणीचा संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा तडीस जातो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ च्या लेखात सविस्तर मांडले आहे.

तयारीलाच काम समजणे ही चूक सरकारी भरतीच्या परीक्षांना बसणाऱ्यांत हमखास आढळते. नवी वही, तीन रंगांची पेने, भिंतीवर पट्टीने आखलेले वेळापत्रक, मोबाइलवर उतरवून घेतलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका असा सगळा सरंजाम जमतो, पण पुस्तकाचे पहिले प्रकरण करकरीत कोरे राहते. तयारीला एक संध्याकाळ पुरे. दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिकेतील पाच प्रश्न सोडवावेत, चुकले तरी चालतील. संकल्प गावभर सांगण्याचेही तसेच आहे. कौतुक आधीच पदरात पडले की कामाची निकड ओसरण्याची शक्यता असते, तेव्हा ज्याला रोज हिशेब द्यावा लागेल अशा एकाच माणसाला सांगावे.

उत्साह आल्याशिवाय कामाला बसायचे नाही, हा हट्टही सोडावा. उत्साह पुष्कळदा कामाच्या मागून येतो. नैराश्यावरील एक मान्य उपचारपद्धती याच तत्त्वावर उभी आहे: मनःस्थिती सुधारण्याची वाट न पाहता आधी छोटी कृती करायची. दहा मिनिटांनंतर उठण्याची स्वतःला खरीखुरी मुभा द्यावी. ती खोटी निघाली तर मन दुसऱ्या दिवशी फसत नाही.

एवढे करूनही पाऊल उचलत नसेल तर नेमके काय नकोसे वाटते ते एका ओळीत लिहावे. काम अस्पष्ट असेल तर त्याचा आणखी छोटा तुकडा पाडावा, हसे होण्याची भीती असेल तर पहिला खर्डा कोणालाही न दाखवण्याचे ठरवावे, आणि ध्येय मुळात दुसऱ्यानेच लादलेले असेल तर ते सोडून देण्याचाही विचार करावा. मात्र झोप, भूक आणि आवडीच्या गोष्टींवरचेही मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेले असेल, तर ही चालढकल नव्हे. अशा वेळी गोव्यात बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत दाखवावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.

शेवटची चूक खंड पडल्यानंतर होते. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यामुळे पावसाने चालण्याची एक फेरी बुडाली म्हणून सगळेच मोडीत काढू नये. बाहेर मुसळधार असेल तर त्याच वेळी घराच्या पडवीत पंधरा मिनिटे येरझाऱ्या घालायच्या, हे मे महिन्यातच ठरवून ठेवावे.