मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर हात पुन्हा कामाला कसा लावावा

ओल्या फरशीवर पाय घसरतो, सावरायला तळहात पुढे जातो आणि सगळा भार मनगटावर येतो. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस हाड मनगटाजवळ तुटण्याचा हा प्रकार आयरिश शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली, एक्स-रेचा शोध लागायच्या कितीतरी आधी, नोंदवून ठेवला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये तो फार दिसतो. हाड साधारण पाच-सहा आठवड्यांत प्लास्टर काढण्याइतपत जुळतं. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो, कारण हात आखडलेला असतो, आणि त्यातला बराचसा आखडलेपणा बोटं न हलवल्याने आलेला असतो.

म्हणून पहिली पायरी प्लास्टर असतानाच.

अंगठी आणि बांगड्या पहिल्याच दिवशी काढा. सूज चढली की त्या कापाव्या लागतात. पहिला आठवडा हात छातीच्या वर राहील असा उशीवर ठेवा. गळ्यातल्या झोळीत तो दिवसभर लटकवून ठेवू नका, नाहीतर सूज बोटांत उतरते आणि खांदाही धरतो. दर तासाला मूठ पूर्ण मिटा, पूर्ण उघडा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. हात डोक्यावर नेऊन खाली आणा, कोपर वाकवा, सरळ करा. बोटांच्या मुळाशी प्लास्टर रुतत असेल आणि मूठ मिटतच नसेल, तर डॉक्टरांकडून ते कापून घ्या. निमूट सोसू नका.

बोटं निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही प्लास्टरच्या आत दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, कोरडा, साल निघालेला दिसतो. घाबरू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसा, हलक्या हाताने तेल किंवा मलम लावा. घरातलं कोणी ‘जरा जोर लावून मोकळं करते’ म्हणालं तर मात्र ठाम नाही म्हणा. दुसऱ्याने ओढून वाकवलेला सांधा सुजतो आणि आणखी आखडतो. सुरुवातीला तुमच्याच स्नायूंनी, दुखायला लागेल त्या टोकापर्यंत नेलेली हालचाल पुरते.

बोटांपासून सुरुवात करा. बोटं सरळ ठेवा. मग मुळाचे सांधे सरळच ठेवून फक्त वरची दोन पेरं आकड्यासारखी वाकवा. मग पूर्ण मूठ. शेवटी मुळाशी काटकोनात वाकवून बाकी बोट सरळ. प्रत्येक बोटात वाकवणाऱ्या दोन शिरा असतात (रक्ताच्या नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि या क्रमाने त्या एकमेकींवरून सरकतात, चिकटून बसत नाहीत.

मग मनगट. हात टेबलावर ठेवा, खाली टॉवेलची गुंडाळी, पंजा कडेबाहेर. मूठ हलकी मिटून मनगट वर उचला, बोटं सैल सोडून खाली न्या. मूठ मिटायची ती मुद्दाम: बोटं उघडी ठेवून उचललं तर बोटांचेच स्नायू ओढ घेतात आणि मनगटाचे आयते बसून राहतात.

सगळ्यात चिवट असतं ते तळहात वर करणं. देवळात प्रसाद घ्यायला हात पुढे करावा आणि तो अर्ध्यातच अडावा, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय. आवळून बसलेला मनगटाजवळचा छोटा सांधा इथे आडवा येतो. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला लावा आणि मध्ये घडीचा रुमाल धरा. मुठीत पेन्सिल उभी धरून तळहात वर फिरवा; पूर्ण फिरला की पेन्सिल आडवी होते. रुमाल खाली पडला तर समजा, मनगटाचं काम खांद्याने केलंय. अडेल तिथे पाच सेकंद थांबा, मग उलट बाजूला तळहात जमिनीकडे न्या. पेन्सिल रोज किती झुकली हे आरशात पाहिलंत तर सुधारणा तुमची तुम्हालाच दिसेल.

प्रत्येक हालचाल दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. एकदाच तासभर करण्यात फायदा नाही. व्यायामानंतर अर्ध्या तासात दुखणं उतरलं तर मात्रा बरोबर आहे. सकाळी सूज वाढलेली दिसली तर निम्मं करा. प्लेट बसवली असेल तर हे सगळं लवकर सुरू होतं, पण कधी ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवतील.

जोर आणायला त्यांनी होकार दिल्यावर मऊ कणकेचा गोळा दाबा, ओला रुमाल पिळा. त्याआधी मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या, वेणी घालणं चालेल. पोळ्या लाटणं, भरलेली बादली, जमिनीवर हात टेकून उठणं यांना साधारण तीन महिने तरी धरा. पकड पूर्ण यायला वर्षही लागतं.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. हात सतत जळजळतो, चकाकतो, घामेजतो, नुसता कपडा लागला तरी सहन होत नाही, तर लगेच फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर दोघांनाही दाखवा. हा विकार लवकर हाताळला तर आटोक्यात आणणं सोपं जातं. आणि पालथा पंजा टेबलावर ठेवून अंगठा वर उचलून पाहा. काही आठवड्यांनी तो अचानक उचलेनासा झाला तर त्याला उचलणारी दोरीसारखी शीर तुटलेली असू शकते. हाड जागचं न हललेल्या साध्या फ्रॅक्चरमध्येही असं होतं, आणि ते व्यायामाने सुटत नाही.

पन्नाशीनंतर नुसतं उभ्याने पडून मनगट मोडलं असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. प्लास्टर काढायला जाल त्या दिवशीच डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.