३ डॉलरचं सोन्याचं नाणं घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत एकेकाळी ३ डॉलरचं सोन्याचं नाणं होतं हे सांगितलं की लोक आधी हसतात. तीनच का बुवा? तर १८५१ ला तिथे पत्राचं टपाल ३ सेंटवर आलं, आणि १०० तिकिटांचा अख्खा ताव एका नाण्यात घेता यावा म्हणून हे काढलं असं सांगतात. १८५३ ला कायदा झाला, १८५४ ते १८८९ नाणी निघाली, पण व्यवहारात हे कधी रुळलंच नाही कारण अडीच डॉलरचं आणि पाच डॉलरचं सोन्याचं नाणं आधीपासून होतंच, मधे हे तिसरं कोणाला हवंय. साधारण आपल्या आत्ताच्या एक रुपयाएवढं, वजन ५.०१५ ग्रॅम, ९० टक्के सोनं आणि बाकी तांबं. पुढे पिसांचा मुकुट घातलेली लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्यदेवी, मागे मका, गहू, कापूस आणि तंबाखूच्या पानांची माळ. दिसायला फार गोड, आणि तिथेच आपण फसतो.

मी न्यू जर्सीत राहतो, इथल्या एका कॉइन शोमध्ये माझं पहिलं घेतलं, १८७८ चं, सुट्टं, प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्या वर्षी ८२,३०४ नाणी निघाली होती म्हणजे त्यातल्या त्यात सहज मिळणारं वर्ष, म्हटलं यात काय फसणार. घरी येऊन वजन केलं, ५.०१. पाण्यात बुडवून वजन केलं, ०.२९ ग्रॅमचा फरक, भागाकार केला तर घनता १७.२ च्या आसपास, म्हणजे ९० टक्के सोन्याला जेवढं यायला हवं तेवढंच. तरी समाधान होईना म्हणून ओळखीच्या सोनाराकडे मशीनवर टच काढून घेतला, तोही बरोबर. मग ऐटीत ग्रेडिंगला, म्हणजे नाणं खरं आहे का ते तपासून अवस्थेनुसार आकडा देणाऱ्या कंपनीकडे, पाठवलं आणि उत्तर आलं की नाणं खोटं आहे.

आता सोनं खरं तर नाणं खोटं कसं? मलाही तेव्हा कळलं नव्हतं. झालं असं की १९३३ पासून १९७४ संपेपर्यंत अमेरिकेत सामान्य माणसाला सोनं साठवायला बंदी होती, पण संग्रहाच्या जुन्या नाण्यांना त्यातून सूट होती. म्हणजे एवढ्याशा सोन्यावर नाण्याचा शिक्का बसला की त्याची किंमत सोन्याच्या कितीतरी पट, मग परदेशातल्या कारागिरांनी बरोब्बर तेवढंच सोनं वापरून नाणी पाडली. त्यांना सोन्यात चोरी करायची गरजच नव्हती, कमाई शिक्क्यात होती. आपल्याकडे सोनं म्हटलं की कस बघायची सवय, म्हणून आपण कस बघतो आणि खूश होतो. इथे कसाने फक्त पितळ आणि मुलामा बाजूला पडतो, बाकी काही नाही.

मग बघायचं काय तर दहापट भिंग घेऊन नाण्याची जमीन बघा, म्हणजे चित्र आणि अक्षरं सोडून उरलेला सपाट भाग. खोटे ठसे बहुतेक वेळा एखाद्या खऱ्या नाण्यावरून उचललेले असतात, त्यामुळे त्या मूळ नाण्यावरचा एखादा खड्डा किंवा ओरखडा त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी येतो, आणि खड्ड्याचे काठ बोथट, गुळगुळीत, त्यातसुद्धा बाकीच्या नाण्यासारखीच चमक. खरा मार लागलेला खड्डा तसा नसतो, त्याचे काठ धारदार असतात. शिवाय जमिनीवर बारीक उंच फोड किंवा रेघा दिसल्या, अक्षरं सुजल्यासारखी दिसली, की सावध. १८८२ च्या नाण्यात एका पठ्ठ्याने तर LIBERTY या शब्दातल्या आर अक्षराच्या पोकळीत चिमुकलं ओमेगा हे ग्रीक अक्षर सहीसारखं ठेवलंय, आणि तेवढं सोडलं तर काम इतकं सफाईचं की भलेभले चकले.

दुसरी चूक अस्सल माझीच. दुसरं नाणं नीट घेतलं, स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेडिंगवाल्यांनी प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद केलेलं, पण दिवाळीत लक्ष्मीपूजनाला सोनं उघडं ठेवायचं म्हणून हौसेने स्लॅब फोडला (हो, फोडला). हळदकुंकू वाहिलं, पंचामृताचे थेंब पडले, दुसऱ्या दिवशी बघतो तर पिसांच्या खाचांमधे कुंकू. मग आई पाटल्या धुते तसं रिठ्याच्या पाण्यात टाकून मऊ ब्रश फिरवला. पाटल्यांचं काय, त्या झळकतात. पण नाण्याच्या जमिनीवर उजेडात तिरपं धरलं की केसासारख्या बारीक रेघाच रेघा, आणि परत ग्रेडिंगला गेलं तेव्हा आकड्याच्या जागी ‘क्लीन्ड’ असा शेरा. सोन्याच्या जुन्या नाण्यावर तांब्याचे लालसर ठिपके असतील तर असू देत, ते त्याचेच आहेत. पीव्हीसीच्या पाकिटाने हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायचं, घासायचं नाही, पुसायचं नाही, आपोआप सुकू द्यायचं. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे शुद्ध अ‍ॅसिटोन नव्हे.

आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते तशी तिकडेही या नाण्यांची पदकं, टायपिनं, ब्रोच झाली, आणि पुढे कोणीतरी कडी काढून डाख घासून टाकला. म्हणून कड फिरवून बघा, खास करून वरच्या बाजूला. तिथले दाते गुळगुळीत किंवा रंग वेगळा दिसला तर नाण्याची किंमत पडलेली असते, विकणारा काहीही म्हणो.

‘फक्त ५०० च निघाली’ असं ऐकून लगेच पैसे काढू नका. कमी निघाली आणि कमी उरली यात फरक आहे. शेवटच्या वर्षांत, १८८९ ला २,३०० निघाली, पण तोवर लोकांना कळलं होतं की हे बंद पडणार, म्हणून जपून ठेवलेली बरीच चांगल्या अवस्थेत मिळतात. उलट १८५४ ला न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत २४,००० निघाली, ती लोकांनी वापरली, झिजवली, आणि आता कोरंकरकरीत मिळणं महाकठीण. जॉर्जियातल्या डालोनेगा टांकसाळीचं १८५४ चं फक्त १,१२० निघालं, त्याचा ठसाच कमजोर उमटलेला असतो, तेव्हा कडेचे दाते दिसत नाहीत म्हणून लगेच झिजलंय म्हणू नका. आणि त्यात डी हे डालोनेगा टांकसाळीचं अक्षर नंतर चिकटवलंय का हे आधी तपासा.

पूर्ण सेट करायचा हट्ट सोडाच. १८७० चं सॅन फ्रान्सिस्कोचं ज्ञात असं एकच नाणं आहे, मागे कोणीतरी ८९३ हा आकडा हाताने कोरलेला, तरी जानेवारी २०२३ ला ते ५५ लाख २० हजार डॉलरला गेलं. १८७५ ची नोंद फक्त २० प्रूफ नाण्यांची, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्यांची.

स्लॅबवरही डोळे मिटून विश्वास नको, खोटे स्लॅब निघतात. पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्यांच्या साइटवर स्लॅबवरचा नंबर टाका, आणि नुसता नंबर जुळला म्हणून थांबू नका, तिथला फोटो असेल तर हातातल्या नाण्याचा प्रत्येक ओरखडा त्याच्याशी जुळवा.

गावी कोणाला द्यायचं असेल तर अजून एक. भारतात १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूत मोडतं आणि पुरावस्तू खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही, म्हणजे सुट्टं नाणं पुण्याला नेऊन मग ग्रेडिंगला अमेरिकेत पाठवू असा प्लॅन करू नका, जे करायचं ते इथेच आधी करून घ्या, आणि कस्टमला विचारून मगच बॅगेत टाका.

आता आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नाणं स्लॅबसकटच चौरंगावर बसतं, कुंकू प्लॅस्टिकवर वाहतो, दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं की झालं.