गाजलेल्या शर्यती बघायच्या कशा? आधी निकाल वाचा, मग पळणारे बघा

धावण्याच्या जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघायला बसणार असाल तर पहिलं काम हे करा, की निकाल आधी वाचून घ्या. हो, मुद्दाम. क्रिकेटची मॅच निकाल कळल्यावर बघण्यात अर्थ नसतो हे मान्य, पण इथे उलटं आहे, कारण शर्यत फिरते ती जागा बऱ्याचदा फिनिश लाइनच्या खूप आधी असते आणि कोण जिंकणार हे माहीत नसलं की आपले डोळे जो पुढे पळतोय त्याच्यावर चिकटून बसतात, नेमका जिंकणारा माणूस तेव्हा सातव्या आठव्या नंबरवर कुठेतरी असतो आणि आपण त्याच्याकडे बघतच नाही.

सुरुवात 800 मीटरपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. दोनच लॅप, दोन मिनिटांच्या आत खेळ खल्लास, आणि तेवढ्यात डावपेच, धक्काबुक्की, दमछाक सगळं येतं.

पहिली शर्यत लावा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकची फायनल. अमेरिकेचा डेव्ह वॉटल, डोक्यावर पांढरी गोल्फ कॅप, त्यामुळे शोधायला त्रास नाही. पहिल्यांदा बघताना फक्त ती टोपी बघा. सुरुवातीला तो सगळ्यांच्या मागे आणि मागे म्हणजे चांगलाच मागे, याचं आज काही खरं नाही असंच वाटतं, मग दुसऱ्या लॅपमधे एकेक जण मागे पडायला लागतो आणि शेवटच्या सरळ पट्ट्यावर केनियाचे दोघं आणि मग सोव्हिएत युनियनचा अर्झानोव्ह, सगळे पार करून टोपीवाला 0.03 सेकंदाने पहिला. अर्झानोव्ह लाइनवर अक्षरशः आडवा झाला तरी उपयोग झाला नाही.

आता दुसऱ्यांदा लावा आणि मोबाइलचा स्टॉपवॉच हातात घ्या, दर 200 मीटरला लॅपचं बटण दाबत जा. वॉटलचे आकडे साधारण असे येतात, 26.4, 26.9, 26.4, 26.2. परत वाचा ते आकडे. सगळे म्हणतात काय जबरदस्त किक मारली शेवटी, पण त्याने वेग जवळपास वाढवलेलाच नाही, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीत पळालाय आणि बाकीचे सुरुवातीला सुसाट सुटून शेवटी ढेपाळलेत. शेजारची गाडी मागे जायला लागली की आपली जोरात चाललीये असं वाटतं ना, तसला प्रकार. हे एकदा डोळ्यात बसलं की पुढची प्रत्येक शर्यत वेगळी दिसते. (आणि हां, मेडल घेताना राष्ट्रगीताच्या वेळी तो टोपी काढायलाच विसरला, त्यावरून बरीच चर्चा झाली, बिचाऱ्याला नंतर माफी मागावी लागली.)

लगेच त्याच्यावर 2012 ची लंडनची 800 फायनल लावा, डेव्हिड रुडिशाची. अगदी विरुद्ध पद्धत. ऑलिंपिकमधे पेसमेकर, म्हणजे ठरवून पुढे पळत वेग लावून देणारा, नसतो, त्यामुळे वर्ल्ड रेकॉर्ड सहसा होत नाहीत, सगळे एकमेकांकडे बघत पळतात. हा पठ्ठ्या पहिल्यापासून पुढे आणि पहिला लॅप 49.28 मधे, दुसरा 51.63, एकूण 1:40.91, वर्ल्ड रेकॉर्ड. इथे बघायचं ते रुडिशाच्या मागे. तो इतका जोरात नेतोय म्हणून मागच्यांना त्याच्या ओढीने पळावंच लागलं, आणि शेवटी आठवा आलेल्या अँड्र्यू ओसागीची वेळ होती 1:43.77, जी आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमधे, म्हणजे 2000, 2004 आणि 2008 ला, गोल्ड मेडल देऊन गेली असती. शेवटचा आलेला माणूस! म्हणून म्हणतो, शर्यत संपली की कॅमेरा जिंकणाऱ्यावर जातो तेव्हा तुम्ही पॉज करा आणि खालपर्यंतचा निकाल वाचा.

मोठ्या अंतराच्या शर्यतींना थोडा वेगळा हिशोब. 10,000 मीटर म्हणजे 25 लॅप, अख्खी शर्यत बघायची गरज नाही, मी तरी सांगणार नाही. सुरुवातीचे दोन लॅप बघा म्हणजे कोण कुठे आहे आणि कपडे कुठले आहेत ते लक्षात राहतं, मधे काही गडबड झाली असेल तर तो भाग, आणि मग शेवटच्या लॅपची घंटा वाजायच्या आधीच्या तीन लॅपपासून शेवटपर्यंत सलग. म्युनिकच्याच 10,000 मधे गडबड आहे बाराव्या लॅपमधे, फिनलंडचा लासे विरेन पडतो, ट्युनिशियाचा गमूदी त्याला अडखळून पडतो, गमूदीची शर्यत थोड्याच वेळात संपते आणि विरेन उठून परत घोळक्यात येतो, जिंकतो आणि वर 7 वर्षं जुना वर्ल्ड रेकॉर्ड मोडतो. पडूनसुद्धा.

1964 च्या टोकियोच्या 10,000 चा शेवटचा लॅप बघताना मात्र पुढच्या तिघांपेक्षा लॅप पडलेल्या लोकांकडे लक्ष द्या, म्हणजे जे एक अख्खा फेरा मागे आहेत ते. ट्रॅकवर नुसती गर्दी आहे, त्या गर्दीतून वाट काढताना ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क आत अडकतो, अमेरिकेच्या बिली मिल्सला बाहेर ढकलतो, तेवढ्यात हाच गमूदी दोघांच्या मधून घुसून पुढे जातो, आणि मिल्स आता गेलाच असं वाटत असताना शेवटच्या पट्ट्यावर बाहेरच्या बाजूने येऊन दोघांनाही मागे टाकतो. 28:24.4. त्याच्या आधीच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा जवळपास पाऊण मिनिटाने कमी.

आणि मग सिडनी 2000 ची 10,000. ही शर्यत दोनदा बघाच, एकदा इथिओपियाच्या गेब्रसिलासीला बघत आणि एकदा फक्त केनियाच्या पॉल टर्गाटला बघत. दुसऱ्या वेळी जास्त त्रास होतो. टर्गाटने साधारण 250 मीटर राहिले असताना जो वेग काढला तो इतर कुठल्याही दिवशी पुरला असता, वळणावर पुढे, सरळ पट्ट्यावर पुढे, अगदी शेवटच्या काही पावलांपर्यंत पुढे, आणि गेब्रसिलासी त्याला लाइनच्या तोंडावर गाठतो. 27:18.20 आणि 27:18.29. फरक 0.09 सेकंद. त्याच ऑलिंपिकमधे पुरुषांच्या 100 मीटरला मॉरिस ग्रीन आणि दुसऱ्या नंबरच्या बोल्डनमधे 0.12 चा फरक होता. म्हणजे 10 किलोमीटर पळून हे दोघं 100 मीटरवाल्यांपेक्षा जास्त जवळ होते, आता बोला.

100 मीटर कशी बघायची हे विचारतात लोक, दहा सेकंदात काय बघणार म्हणून. स्लो मोशनमधे बघा, सोपं आहे. स्टार्टला रिअ‍ॅक्शन टाइमचा आकडा दाखवतात तो बघा, 0.100 च्या आत असेल तर फॉल्स स्टार्ट. पण त्यावर फार जाऊ नका. बर्लिनच्या 2009 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला बोल्टची रिअ‍ॅक्शन 0.146 होती, पॉवेल 0.134 आणि गे 0.144, म्हणजे दोघंही त्याच्या आधी हलले, आणि तरी 9.58. बोल्टने शर्यत काढली ती 60 ते 80 मीटरच्या मधे, ते 20 मीटर 1.61 सेकंदात. त्याच्यापुढे सगळ्यांचाच वेग उतरायला लागतो, बोल्टचासुद्धा, जो कमी उतरतो तो पुढे निघाल्यासारखा दिसतो. वॉटलचीच गोष्ट, फक्त दहा सेकंदात.

पॅरिस 2024 ची फायनल तर फोटो फिनिश समजून घ्यायला उत्तम. नोआ लाइल्स 9.784, किशेन थॉम्पसन 9.789, पाच सहस्रांश सेकंद. फोटो बघितला की थॉम्पसनचा पाय लाइनवर आधी पोचलेला दिसतो आणि लोक म्हणतात अन्याय झाला, पण नियम धडाचा आहे, डोकं, हात, पाय यातलं काही मोजत नाहीत, छाती खांद्याचा भाग आधी कुणाचा आला ते बघतात. लाइल्स सुरुवातीला मागे होता, शेवटी छाती पुढे टाकण्याचं टायमिंग बरोबर जमलं. आणि त्या शर्यतीत आठव्या आलेल्याची वेळसुद्धा 9.91 होती!

सेकंदाच्या शंभराव्या भागाने मेडल जाणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर 1984 लॉस एंजेलिस, महिलांची 400 मीटर हर्डल्स. पी. टी. उषा 55.42, तिसरी आलेली रोमानियाची कोजोकारू 55.41. ही क्लिप बघताना मन घट्ट करा. त्याच शर्यतीत मोरोक्कोची नवाल एल मुतावाकेल जिंकली, तिच्या देशाचं पहिलं ऑलिंपिक गोल्ड, आपण उषाच्या नादात ते विसरतो.

400 मीटर असेल तर लेन नंबर आधी बघा. सगळ्यात बाहेरच्या आठव्या लेनमधे माणूस पुढे उभा असतो, त्याला पळताना कुणीच दिसत नाही, सगळे मागे. म्हणून ती लेन नकोशी समजतात. रिओ 2016 ला वेड व्हॅन नीकर्क तिथूनच पळाला, 43.03, मायकल जॉन्सनचा 1999 पासूनचा रेकॉर्ड गेला. अख्खी शर्यत तो भुताला घाबरून पळाल्यासारखा पळालाय आणि मागे खरोखरच दोन ऑलिंपिक चॅम्पियन होते.

आता एक महत्त्वाचं काम, ऐकलेल्या गोष्टी तपासून घ्या. या खेळात थापा फार.

सगळ्यात जास्त पसरलेली थाप म्हणजे रॉजर बॅनिस्टरची. 6 मे 1954, ऑक्सफर्ड, एक मैल 3:59.4, पहिल्यांदा 4 मिनिटांच्या आत, इथपर्यंत खरं. पुढे मोटिवेशनल भाषणात सांगतात की मनातली भिंत पडली आणि वर्षभरात डझनभर लोकांनी ते केलं. छे. 46 दिवसांनी जॉन लँडीने केलं, 3:58 च्या आसपास, आणि वर्ष उलटेपर्यंत हे दोघंच. पुढचे तिघं मे 1955 च्या शेवटी, लंडनमधल्या एकाच शर्यतीत. शिवाय बॅनिस्टर एकटा नव्हता, ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन मित्र आळीपाळीने पुढे राहून वेग सांभाळत होते, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. माझ्या मते त्यापेक्षा भारी शर्यत त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली व्हँकुव्हरची, बॅनिस्टर आणि लँडी समोरासमोर. लँडी पुढे, शेवटच्या वळणावर तो डाव्या खांद्यावरून मागे बघतो आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून निघून जातो. तिथे पॉज करा.

दुसरी थाप जास्त महागात पडली. 1928 ॲमस्टरडॅम, महिलांची 800 मीटर. पेपरवाल्यांनी छापलं की बायका पटापट कोसळल्या, एकाने तर 11 जणी होत्या असंही लिहिलं. फायनलमधे होत्या 9 आणि सगळ्यांनी शर्यत पूर्ण केली, जर्मनीची लीना राडके 2:16.8 मधे जिंकली. दमून गवतावर पडणं हे 800 नंतर पुरुषही करतात. पण त्या बातम्या धरून ऑलिंपिकमधून महिलांची 800 बंद केली ती थेट 1960 पर्यंत, आणि महिलांची मॅरेथॉन यायला 1984 उजाडलं. ती मॅरेथॉन बघाच, जोन बेनॉइट अवघ्या काही किलोमीटरनंतर घोळक्यातून एकटी पुढे निघते, बाकीच्यांना वाटतं दमेल आणि येईल मागे, ती येतच नाही, 2:24:52. ऑलिंपिकसाठी निवड करणाऱ्या ट्रायल्सच्या 17 दिवस आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

मिल्खा सिंग यांचं पण तेच, रोम 1960 ची 400 मीटर. मागे वळून बघितलं म्हणून मेडल गेलं ही चर्चा आपल्याकडे इतकी रंगते की शर्यत किती वेगवान होती हे राहूनच जातं. पहिल्या दोघांनी 44.9 ही वर्ल्ड रेकॉर्डची वेळ काढली आणि मिल्खा सिंग 45.6 ला चौथे. रोमच्या आधीचा ऑलिंपिक रेकॉर्ड 45.9 होता, चौघांनीही तो मोडला. इतकं पळूनही मेडल नाही, हे सांगितलं तरी पुरेसं आहे, त्यात मसाला कशाला.

शेवटी वेळांची तुलना करताना जरा दमाने. जेसी ओवेन्सच्या काळात, म्हणजे 1936 ला, ऑलिंपिकला स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, ते 1948 ला आले, धावपटू छोट्या खुरप्याने ट्रॅकमधे खड्डे करून पाय रोवायचे. ऑलिंपिकला सिंथेटिक ट्रॅक 1968 ला आला. त्या आधीचे जवळपास सगळे कोळशाच्या भुकटीच्या नाहीतर मातीच्या ट्रॅकवर. 100 मीटरला वाऱ्याचा आकडा पण बघा, पाठीमागून सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त वारा असेल तर रेकॉर्ड धरत नाहीत. केनियाच्या किपचोगेची व्हिएन्नाच्या 2019 च्या मॅरेथॉनची 1:59:40 ही वेळ पण रेकॉर्ड नाही, कारण पेसमेकर टोळी टोळीने बदलत होते, पाणी सायकलवरून हातात मिळत होतं आणि ती सगळ्यांना खुली शर्यतच नव्हती. बघायला हरकत नाही, पेसमेकरांची रचना मस्त आहे, पण ती बघून झाली की 1960 ची रोमची मॅरेथॉन लावा, अबेबे बिकिला अनवाणी, 2:15:16, आणि या वेळी स्टॉपवॉच लावू नका, त्याचे खांदे बघा, ते हलतात का सांगा मला.