पुण्यात शिकायला आलात? आधी मेस नीट ठरवा, बाकीचं सोपं आहे

जून-जुलै लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी पुतणी पुण्यात शिकायला येते आणि प्रश्न माझ्याकडे येतो : खायचं कुठे आणि सामान कुठून घ्यायचं? तोवर नेटवरची यादी त्यांना पाठ झालेली असते. वैशालीचं एसपीडीपी (शेव-पोटॅटो-दही-पुरी), गुडलकचा बन मस्का, बेडेकरांची मिसळ. यादीत खोट काही नाही, पण ती दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याची यादी आहे. तुम्हाला इथे तीन-चार वर्षं, रोज दोन वेळा जेवायचंय. रोज मिसळ खाऊन कुणी इंजिनिअर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खोली मिळाली आहे आणि कॉलेजची कागदपत्रं झाली आहेत असं धरून पुढचं सांगतो.

१. पहिल्या दिवशी महिन्याचे पैसे भरू नका

खोली दाखवणारा माणूस बहुतेक वेळा मेसही सुचवतो. ऐकून घ्या, मान डोलवा, पैसे देऊ नका. पहिला आठवडा सुट्या थाळीवर किंवा कूपनवर काढा. "तीन महिन्यांचे एकदम भरा, सूट देतो" असं ज्या मेसमध्ये पहिल्याच भेटीत सांगतात, तिथे तर मुळीच भरू नका. पैसे हातात पडल्यावर पोळीची जाडी कशी बदलते ते पुढच्या महिन्यात कळतं.

२. मेस खोलीजवळची बघा, कॉलेजजवळची नको

दुपारी भूक कुठेही भागते. प्रश्न रात्रीच्या जेवणाचा असतो, सुट्टीच्या दिवसाचा आणि मुसळधार पावसाचा. दहा मिनिटं चालण्यापेक्षा लांब मेस असेल तर ऑगस्टमध्ये तुम्ही आठवड्यातून निम्म्या रात्री मॅगीवर काढाल, आणि पैसे मेसचे चालूच. स्पर्धा परीक्षावाल्यांनी खोलीऐवजी अभ्यासिकेपासूनचं अंतर मोजावं, कारण खोलीवर ते फक्त झोपायला जातात. पेठांत राहणाऱ्यांनी गणपतीचे दहा दिवसही डोक्यात ठेवावेत. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता आणि केळकर रस्ता हे विसर्जन मिरवणुकीचे रस्ते. मेस त्यांच्या पलीकडे असेल तर त्या रात्री जेवणाचं विसरा.

३. मेस पारखा

सगळी मेख इथे आहे.

पूर्वी पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ताटात पडेल ते खायचं, नावं ठेवायची सोय नाही. तुम्ही पहिल्या आठवड्यात तसेच वार लावा, फक्त नावं ठेवायला मोकळे आहात. जवळच्या चार-पाच मेस निवडा आणि रोज वेगळ्या ठिकाणी जेवा.

मात्र एक पथ्य पाळा. रविवारी दुपारी मेस बघायला जाऊ नका. त्या दिवशी फीस्ट असते. पुऱ्या, मसालेभात, श्रीखंड नाहीतर गुलाबजाम. त्या जेवणावरून मेस ठरवणं म्हणजे लग्नात जेवून आचाऱ्याचं रोजचं घर कसं असेल ते सांगणं. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, त्यामुळे दुपारी सगळे जीव तोडून करतात. रविवारी वाईट मेस मला अजून सापडायचीय.

मंगळवारी किंवा बुधवारी रात्री जा, तेही शेवटच्या अर्ध्या तासात. वाढणारा दमलेला असतो, पातेली तळाला गेलेली असतात, मालकाचं लक्ष हिशेबाकडे असतं. आता काय वाढतात ते बघा. पोळी तव्यावरून येतेय की दुपारच्या डब्यातून? रश्शात फोडी आहेत की नुसतं लाल पाणी? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भाजी संपल्यावर काय होतं? चांगल्या मेसमधल्या काकू कुरकुरत का होईना, कढई चढवून पाच मिनिटांत पिठलं टाकतात. वाईट मेसमध्ये "आमटी घ्या ना" असं उत्तर मिळतं. या एका गोष्टीवर मी मेस पास-नापास करतो आणि मला त्यात काहीही अन्याय वाटत नाही.

दुसरी खूण उसळीची. मटकी किंवा चवळी बोटात धरताच पिठासारखी होत असेल, सालं वेगळी तरंगत असतील आणि जिभेवर साबणासारखी चव राहत असेल, तर खायचा सोडा सढळ हाताने पडलाय. सोड्याने कडधान्य लवकर शिजतं, गॅस वाचतो. पण कडधान्यातलं बी-१ जीवनसत्त्वही त्याने बरंचसं नष्ट होतं. एखाद दिवशी ठीक, पण रोजच्या रोज असं जेवून उठल्यावर तासाभरात पोट गच्च होत असेल तर "मला पुण्याचं पाणी मानवत नाही" म्हणत बसू नका. मेस बदला.

पाण्यावरून आठवलं. पिण्याचं पाणी कुठून येतं ते बिनदिक्कत विचारा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गियां-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच आला होता. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या मेसमध्ये फिल्टर आहे का, आणि असेल तर तो चालू आहे का, हे बघितलंच पाहिजे. भिंतीवर टांगलेला फिल्टर आणि शेजारी भरून ठेवलेला पिंप दिसला की समजायचं काय ते. तिथे आपली बाटली घेऊन जा, किंवा जाऊच नका.

चवीबद्दल मात्र फार हट्ट धरू नका. विदर्भ-खानदेशातली पोरं गूळ घातलेल्या आमटीने पहिल्या महिन्यात वैतागतात आणि तेवढ्यासाठी चांगली मेस सोडतात. खोलीवर ठेच्याची बरणी ठेवा. आमटीतला गूळ सहन होतो, कच्ची पोळी होत नाही.

डबा की बसून जेवण? चालत जाता येत असेल तर बसूनच. डब्यात दुसरी वाढ नसते, पोळ्या मोजून असतात आणि भाजी गार होते. शिवाय पिठल्याची परीक्षा डब्याला लागूच होत नाही. डबा लावलाच तर डिपॉझिट किती आणि परत कधी मिळणार हे लिहून घ्या.

आता खाडे. नवीन मुलं इथेच सगळ्यात जास्त पैसे घालवतात. खाडा म्हणजे तुम्ही न जेवलेला दिवस. तो हिशेबात धरला तर तेवढे पैसे वळते होतात किंवा मुदत पुढे सरकते. पण प्रत्येक मेसचा नियम निराळा. कुठे सलग तीन दिवस गैरहजर असाल तरच खाडे धरतात, कुठे आदल्या दिवशी सांगावं लागतं, कुठे एक वेळ चुकली तर ती गेलीच. एका मेसवाल्यांनी मला "खाडे धरतो ना" असं तोंडी सांगितलं होतं. दिवाळीनंतर हिशेब मागितला तेव्हा "ते सलग पाच दिवसांचेच" असा खुलासा आला, आणि दिवाळीत मेसच चार दिवस बंद होती! तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, नियम कार्डावर लिहून घ्या आणि मेस स्वतः बंद असेल त्या दिवसांचं काय, हे वेगळं विचारा. दिवाळी, मे महिना, गावाकडची जत्रा, मेसवाल्यांच्या घरचं लग्न, बंद राहायला कारणं पुष्कळ असतात.

एक हिशेब कागदावर करा. दोन वेळची मेस म्हणजे ३० दिवसांची ६० जेवणं. चार रविवारच्या रात्री वजा केल्या की उरतात ५६. महिन्याची रक्कम ६० ने नाही, ५६ ने भागा. मग तुमच्या सवयी बघा. दर दोन आठवड्यांनी शनिवार-रविवार गावी जाणार असाल तर शनिवारच्या दोन आणि रविवारची दुपारची अशी तीन जेवणं दर खेपेला बुडतात, आणि दोनच दिवस असल्याने सलग तीनचा नियम त्यांना कधीच लागत नाही. म्हणजे ५० जेवणं. त्या आकड्याने भागल्यावर जो भाव येतो तो सुट्या कूपनपेक्षा जास्त असेल, तर महिना लावण्यात शहाणपणा नाही. नाशिक-सातारा-सोलापूरच्या पोरांनी हे गणित केलंच पाहिजे. नांदेड किंवा गोंदियाहून आलेल्यांनी बिनधास्त महिना लावावा, कारण घरी जाणं दिवाळीशिवाय होत नाही.

४. नाश्ता मेसमध्ये लावू नका

सकाळच्या लेक्चरच्या आधी तिथे बसून कुणी खात नाही. पोह्यांची गाडी प्रत्येक नाक्यावर आहे.

५. हॉटेलं महिन्याच्या सुरुवातीला, फार तर आठवड्यातून एकदा

फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली आणि रूपाली, डेक्कनला १९३५ पासून चालू असलेलं गुडलक. वैशालीत रविवारी सकाळी जाऊन ताटकळत उभं राहणं हा काही संस्कार नाही, कुठल्याही वारी दुपारी जा. इडली तीच असते.

६. खोलीचं सामान एकाच फेरीत आणा

बादली, दोरी, कुलूप, स्टीलची ताट-वाटी, चमचे, आरसा, चादरी हे सगळं तुळशीबाग आणि मंडईच्या आसपास मिळतं. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते आणि मंडईला स्टेशन आहे. कोथरूडकडून, म्हणजे वनाजच्या मार्गावरून येत असाल तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदला. बादली घेऊन बसमध्ये लोंबकळण्यापेक्षा हे बरं. सकाळी जा. पेठांतली बरीच जुनी दुकानं दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते. तुळशीबागेत भाव करायचाच असतो, पण भांड्यांच्या जुन्या दुकानांत वजनावर दर असतो, तिथे घासाघीस केलीत तर फक्त टोमणा मिळेल. केळी-पेरू घ्यायचे तर मंडईच्या १८८६ च्या दगडी इमारतीतही एक चक्कर मारा. पूर्वी हिला रे मार्केट म्हणत.

गादी मात्र पेठेतून उचलून आणू नका. खोलीजवळच्या गादीवाल्याकडून घ्या, तो पोचवून देतो.

७. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, पण पंधरा दिवस थांबून

पहिल्या आठवड्यात सगळी मुलं यादी घेऊन तिकडे धावतात आणि नको ती पुस्तकं घेऊन येतात. आधी शिक्षक खरोखर कशातून शिकवतात ते बघा, सीनियरना विचारा. मग जुनी पुस्तकं मागा. घेताना पॅटर्न, म्हणजे पुस्तक कुठल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचं आहे ते, तपासा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला २०१९ चा पॅटर्न जाऊन २०२४ चा आलाय, आणि जुन्या पॅटर्नचं पुस्तक कोऱ्यासारखं दिसलं तरी अर्धे धडे उपयोगाचे नसतात. लोकल ऑथरची, म्हणजे इथल्याच लेखकांनी अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेली पुस्तकं परीक्षेपुरती ठीक. ड्राफ्टर (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं साधन) नवा घेऊ नका, दुसऱ्या वर्षाची निम्मी मुलं तो विकायलाच बसलेली असतात.

८. प्रोजेक्टचं सामान तपकीर गल्लीत

बुधवार पेठेतल्या या गल्लीत वायर, एलईडी, रेझिस्टर, मोटर, बॅटरी सगळं मिळतं. पार्टचा नंबर कागदावर लिहून न्या. "ते छोटं काळं असतं ना" असं म्हणणाऱ्याला तिथे कुणी उभं करत नाही.

९. कपडे

फर्ग्युसन रस्ता, हाँगकाँग लेन. पहिला भाव ऐकून पुढे चालायला लागा, चार पावलांत तो खाली येतो. लग्नाकार्याचे कपडे लक्ष्मी रस्त्यावर, आणि ते घ्यायला आई येईपर्यंत थांबा.

आई-वडील भेटायला आलेच तर जेवायला टिळक रस्त्यावरच्या बादशाहीत न्या, साधं ताट असतं. मेसमध्येही न्यायचं असेल तर आदल्या दिवशी गेस्ट थाळी सांगून ठेवा आणि रविवारी दुपारचीच वेळ धरा.