पार्टीसाठी शॅम्पेन आणि स्पार्कलिंग वाइन निवडताना : आधी ताट, मग बर्फ, मग बाटली

छत्रपती संभाजीनगरात मी घरगुती समारंभांचं जेवण करून देते. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, निवृत्तीचा निरोप, थंडीत शेतावरची हुरडा पार्टी, असले कार्यक्रम. मेनू ठरला की यजमान हळूच विचारतात, "ताई, शॅम्पेन कोणती आणू?" मी उलट विचारते : पाहुणे काय खाणार आणि बाटल्या गार कुठे करणार? ही दोन उत्तरं मिळाली की नाव आणि किंमत आपोआप ठरते.

स्पार्कलिंग वाइन म्हणजे बुडबुड्यांची वाइन, आणि शॅम्पेन म्हणजे त्यातली फ्रान्सच्या त्याच नावाच्या प्रदेशात बनलेली वाइन. तिथे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होतं, त्यातून बुडबुडे येतात, आणि साधी शॅम्पेनसुद्धा विकायला काढण्याआधी किमान १५ महिने मुरवावी लागते. स्पेनची कावा याच पद्धतीने बनते. इटलीची प्रोसेको मोठ्या टाकीत बनते, म्हणून ती हलकी, फळांच्या वासाची आणि स्वस्त. आपल्या नाशिककडे सुला, यॉर्क, शांदों या कंपन्यांच्या बाटल्या आहेत आणि अकलूजची फ्रातेल्ली आहे. एका फ्रेंच बाटलीच्या पैशांत यातल्या तीन-चार सहज येतात, कारण परदेशी बाटलीच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो. तीस-चाळीस पाहुण्यांना टोस्टसाठी, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा द्यायला, द्यायची असेल तर देशी ब्रूट (कमी गोडीची) घ्या, असंच मी सांगते. खरी शॅम्पेन घरच्या चार-सहा माणसांत, सावकाश प्यायला ठेवा. गर्दीत तिची चव कोणाला कळत नाही.

लेबलवर सगळ्यात आधी गोडी बघा. ब्रूट म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर. एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड. वाइनच्या भाषेत 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली, म्हणून इथे पुष्कळ जण फसतात. ड्राय किंवा सेक १७ ते ३२ आणि देमी-सेक ३२ ते ५०. दुकानदाराला "गोड द्या" एवढंच सांगू नका, लेबलवरचा शब्द सांगून मागा.

आता ताट. कांदाभजी, खारे शेंगदाणे, शेव, तळलेले पापड, पनीर पकोडे यांच्यासोबत ब्रूटला तोड नाही. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तोंडातलं तेल-मीठ धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. नान खलियाबरोबर (नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा) मात्र मी ब्रूट देतच नाही. खलियातला मसाला आणि तिखटपणा बुडबुड्यांनी आणखी भडकतो. असं जेवण असेल तर स्पार्कलिंग आधी, स्टार्टरसोबत संपवा. जेवणातही हवीच असेल तर एक्स्ट्रा ड्राय घ्या. हुरड्याचंही तेच. कोवळा हुरडा मुळात गोडसर, पण सोबतची लसणाची चटणी झणझणीत असते. तिथे प्रोसेको किंवा एक्स्ट्रा ड्राय छान जमते, दही आणि गुळाच्या खड्यालाही ती सांभाळून घेते.

केक कापताना ब्रूट ओतायची पद्धत सगळीकडे रूढ झाली आहे आणि ती मला मनापासून खटकते. क्रीमचा केक खाऊन ब्रूटचा घोट घेतला की ती नुसती आंबट लागते, आणि लोक वाइनला नावं ठेवतात. टोस्ट आधी करा, केक नंतर कापा. गोडासोबतच द्यायची असेल तर देमी-सेक आणा. कुंथलगिरीच्या पेढ्याबरोबर ती देऊन बघा, खव्याचा खरपूसपणा काय खुलतो!

गारव्याचा भाग आपल्याकडे सगळ्यात अवघड. ही वाइन ६ ते १० अंशांवर प्यायची असते आणि मे महिन्यात आपल्या मंडपात चाळिशी ओलांडलेली असते. फ्रीजमध्ये तीन-चार तास ठेवा, पण फ्रीझरमध्ये विसरू नका, बाटली फुटते. कार्यक्रमाच्या जागी फ्रीज नसेल तर बर्फाची लादी फोडून टबात घाला, निम्मं पाणी ओता, दोन मुठी मीठ टाका आणि बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, बर्फाचे तुकडे भिडत नाहीत. लाइट गेली तरी टब दगा देत नाही. नाशिकहून आणलेल्या बाटल्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. भेट मिळालेली बाटली शोकेसमध्ये वर्षानुवर्षं मांडून ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं : दोन उन्हाळ्यांत ती मरते, या दिवाळीलाच उघडा.

गरम किंवा हललेली बाटली उघडणं धोक्याचंही आहे. आत गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट दाब असतो आणि उडालेलं बूच डोळ्यावर बसलं तर डोळा जाऊ शकतो. मंडपात लेकरं पळत असतात, म्हणून हलवून फवारा उडवायला मी स्वच्छ नाही म्हणते. फॉइल काढा, बुचावर अंगठा दाबून तारेची जाळी सैल करा, वर जाड नॅपकिन धरा, बाटली तिरकी करा. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा. बूच हळूच, सुस्कारा टाकत बाहेर आलं पाहिजे.

७५० मिलीच्या एका बाटलीत टोस्टचे आठ लहान ग्लास होतात, नीट भरले तर सहा. पन्नास जणांच्या टोस्टला सात बाटल्या, आणि एक हाताशी. ग्लासला साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे विरून जातात, म्हणून भाड्याचे ग्लास आणले की आधी गरम पाण्याने खळबळून घ्या.

आपल्या घरांत निम्मी मंडळी पीत नाहीत. त्यांच्यासाठी तसल्याच उंच ग्लासात द्राक्षाचा फसफसता रस किंवा सोडा घातलेलं कैरीचं पन्हं द्या, तेही त्याच ट्रेमधून. आजीचा ग्लास वेगळा दिसता कामा नये.

लॉन्स किंवा हॉलवर द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एक दिवसाचा परवाना आधी काढा, तारीख ड्राय डे नाही हे बघा आणि २१ वर्षांखालच्यांना देऊ नका. उरलेल्या बाटलीत चमचा उभा करून बुडबुडे टिकत नाहीत. स्पार्कलिंगसाठीचं क्लिपचं झाकण मिळतं, ते लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या भज्यांसोबत संपवा.