जुन्या गाडीचे ट्यूनिंग आणि सस्पेन्शन : शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

कार्बोरेटरची जुनी मारुती ८०० स्वतः ट्यून करायला घेतली की नवशिक्याचा हात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे वळतो. वास्तविक त्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावायचा असतो. हवा-इंधनाचे मिश्रण आयडलिंगला (गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना) बसवताना टॅपेट (झडपा उघडणारी यंत्रणा), प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधीच जागेवर आहेत असे गृहीत धरलेले असते. त्यांपैकी एकही बिघडलेले असेल, तर स्क्रू फिरवून मूळ दोष तात्पुरता झाकला जातो आणि पुढचे निदान अधिक अवघड होते.

म्हणून सुरुवात एअर फिल्टर आणि टॅपेटपासून करावी. टॅपेटचे अंतर मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम इंजिनासाठी वेगवेगळे दिलेले असते, त्यामुळे आपण कोणत्या स्थितीत मोजत आहोत हे आधी ठरवावे. मग पॉइंट. प्लगांना क्रमाने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅमवर (फिरत्या उंचवट्यांवर) घासणारा पॉइंटचा तुकडा हळूहळू झिजतो, पॉइंटमधील अंतर कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. गाडीचा पिकअप का गेला, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्यातच सापडते. फिलर गेजने (अंतर मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) हे अंतर साधारण ०.४ ते ०.५ मि.मी. ठेवावे आणि त्यानंतरच टायमिंग लाइटने टायमिंग तपासावे, कारण अंतर बदलले की टायमिंगही बदलते. हा क्रम उलटा केल्यास दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात. टायमिंग प्रमाणाबाहेर पुढे गेले असेल, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असेल, तर कात्रज घाटासारख्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनातून टकटक ऐकू येते.

पावसाळ्यात सकाळी गाडी मिसिंग मारत (ठिणगी चुकून अडखळत) असेल, तर प्लग बदलण्यापूर्वी डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपला तडा गेला आहे का ते पाहावे आणि अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर ठिणग्या दिसतात का हेही तपासावे. एवढे झाल्यावर कार्बोरेटर. तोही शक्यतो पीयूसी केंद्रावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा पाहून बसवावा, केवळ कानावर विसंबू नये.

सस्पेन्शनच्या बाबतीत पुण्यातील गतिरोधक आपल्याला आवाज ऐकवतात, पण कोणता भाग गेला आहे ते सांगत नाहीत. केवळ आवाजावरून शॉकॲब्जॉर्बर बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घाईचा वाटतो. पुढचे चाक जॅकने उचलून गाडी जॅकस्टँडवर टेकवावी (निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये) आणि चाक वर-खाली धरून हलवावे. हालचाल जाणवली, तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबायला सांगावे : ती थांबल्यास संशय बेअरिंगवर, न थांबल्यास बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोल सांधा) किंवा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बरच्या एकत्र जुळणीच्या) माउंटिंगवर. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरल्यावर जाणवणारी हालचाल बहुधा टाय रॉड एंडची (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाची) असते. स्ट्रटच्या वरचा मधला नट मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय सैल करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकते.

सर्वाधिक दुर्लक्षित काम लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशांचे, म्हणजे त्याच्या रबरी सांध्यांचे आहे. यातील रबर आतल्या नळीला घट्ट धरून असते आणि आर्म हलताना पीळ घेते. गाडी उचललेली व चाक लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो, आणि उत्तम प्रतीचे बुशही लवकर फाटते. त्यामुळे बोल्ट आधी हातानेच बसवावेत, चाके जमिनीवर टेकवून गाडी दोन-तीनदा दाबून सोडावी आणि मगच टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधील मापानुसार आवळावेत. गॅरेजमध्ये हे काम करून घेताना, बोल्ट शेवटचे कोणत्या स्थितीत आवळणार हे आधीच विचारून घ्यावे.

सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाताना काढलेला जुना भाग सोबत न्यावा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत फरक असतो. शॉकॲब्जॉर्बर एका ॲक्सलवर नेहमी जोडीनेच बदलावेत. व्हील अलाइनमेंट सर्व सुटे भाग बसवून झाल्यावर आणि टायरमधील हवा नेमकी केल्यावरच करून घ्यावी. सैल टाय रॉड एंडवर केलेले अलाइनमेंट फार काळ टिकत नाही.