क्यू हातात येण्याआधी

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारानंतर मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. मग घराघरांत कॅरम निघतो, पत्ते निघतात, आणि हल्ली स्क्रॅबलही निघतं: रॅकवर, म्हणजे समोरच्या पट्टीवर, अक्षरांच्या सात टाइल्स घ्यायच्या आणि त्या बोर्डावर जोडून इंग्रजी शब्द करायचे, अक्षरांचे गुण मिळतात. मराठी माध्यमाची मुलं त्यात मागे पडतात ती शब्द कमी येतात म्हणून नाही. त्यांनी शब्द अर्थाने पाठ केलेले असतात, आणि इथे ते अक्षरांवरून शोधावे लागतात. तेव्हा तयारी करून घ्यायची ती या शोधण्याची.

सगळ्यात आधी कोणती शब्दयादी मानायची ते ठरवून टाका, म्हणजे भर डावात वाद होत नाहीत. अमेरिका-कॅनडाची यादी वेगळी आहे. त्या दोन देशांबाहेर बऱ्याच ठिकाणी कॉलिन्स डिक्शनरीची यादी चालते. ‘झेड-ओ’ हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकेच्या यादीत नाही. आपण कॉलिन्स धरावी, कारण आपल्याकडचे शब्द तिच्यात भरपूर आहेत.

मग एक दोनशे पानी वही घ्या. तिच्यात ए टू झेड शब्द उतरवत बसू नका, ते काम डिक्शनरीने केलेलंच आहे. डिक्शनरीत पहिल्या अक्षरावरून शब्द सापडतो, पण मधल्या किंवा शेवटच्या अक्षरावरून सापडत नाही. म्हणून प्रत्येक अवघड अक्षराला एक पान द्या आणि त्या पानावर ते अक्षर कुठेही असलेले शब्द लिहा.

कुठलं अक्षर अवघड, हे खेळानेच सांगून ठेवलंय. १०० टाइल्समध्ये ई १२, ए आणि आय ९-९, तर क्यू, झेड, जे, एक्स आणि के एकेकच. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टने १९३०च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा हिशेब बसवला. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करून मोकळा झाला असता. म्हणून एस आला की लगेच लावायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

वहीतलं क्यूचं पान सगळ्यात मन लावून करा. क्यूला १० गुण आहेत, पण यू हातात नसेल तर मुलं हातपाय गाळतात. खरं तर यू नसलेले शब्द आपल्या गल्लीतच फिरत असतात. फकीर घ्या: एफ, ए, क्यू, आय, आर. तलाक घ्या: टी, ए, एल, ए, क्यू. कव्वालीसुद्धा (क्यू, ए, डब्ल्यू, डब्ल्यू, ए, एल, आय) चालते, तीही डब्ल्यूच्या दोन्ही टाइल्स आल्या तर. आणि दोन अक्षरांत काम भागवायचं तर क्यू-आय आहेच. उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाला हे पान भरायला बसवा, मग बघा कसं भराभर भरतं. आपल्या शहरात एकाच बोळात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येतं, त्याचा इथे थेट फायदा होतो. डोसा, इडली, रोटी, साडी, इतकंच काय, चादरसुद्धा यादीत आहे. ज्या चादरीने सोलापूरचं नाव देशभर केलं, ती ‘सी, एच, ए, डी, ए, आर’ अशी लिहून मुलांच्या हातात द्या.

चटणीला तर स्वतंत्र पान हवं. सी, एच, यू, टी, एन, ई, वाय: सात अक्षरं, म्हणजे रॅकवरच्या सगळ्या टाइल्स एका दमात खाली. अक्षरांचे १५ गुण, आणि सातही लावल्याचे ५० वेगळे. पहिल्याच खेळीत लागली तर मधल्या चौकटीमुळे १५चे ३० होतात, म्हणजे किमान ८०. आपल्या शेंगाचटणीला एवढा भाव इतर कुठल्या खेळात मिळत नाही!

सात अक्षरांचा सराव सुटा करू नका. ‘रेटिना’ची सहा अक्षरं मांडा आणि सातवं बदलत जा. पी आला की पेंटर, जी आला की ग्रॅनाइट, डी आला की ‘ट्रेन’चं भूतकाळी रूप, सी आला की सर्टन. टाइल्स एका ओळीत न ठेवता गोल मांडल्या की डोळ्यांना नव्या जोड्या दिसतात. आयएनजी, ईआर, ईडी हे शेपटासारखे तुकडे आधीच उजवीकडे सरकवून ठेवायची सवय लावा.

दोन अक्षरी शब्द मात्र पाठच करायचे, त्याला पर्याय नाही. २०१९च्या कॉलिन्स यादीत ते १२७ आहेत. रोज थोडे थोडे म्हणून घ्या, पाढ्यांसारखे. अर्थ मागाहून आला तरी चालेल.

एक पान न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांचं ठेवा. नाइफ, नी आणि नॉट यांतला के, रिस्टमधला डब्ल्यू, कोम (कंगवा) आणि डाउटमधला बी. आपली मुलं शब्द कानाने लिहितात, त्यामुळे ही अक्षरं त्यांच्या हातातून निसटतात. त्यालाच लागून स्वर नसलेले शब्द लिहा: रिदम, लिम्फ, क्रिप्ट. सगळी व्यंजनं आली आणि सोबत एखादा वाय असला की हेच उपयोगी पडतात.

बोर्डावरच्या शब्दाला पुढून किंवा मागून एकच अक्षर जोडायचाही सराव हवा. रेन दिसला की ट्रेन, ब्रेन, ड्रेन, ग्रेन चारही सुचले पाहिजेत. प्लॅनला मागून टी, के किंवा ई लागतो.

वर्डलसारखा, लपवलेला पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ असेल तर कागदावर पाच रेघा मारा, मिळालेलं अक्षर जागेवर लिहा आणि बाद झालेली अक्षरं खाली खोडत जा. एकच अक्षर दोनदा येऊ शकतं, एवढं विसरू नका.

मोबाइलवर माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून शब्द शोधता येतात. ते डाव संपल्यावर करा. कुठल्या खेळीत काय सुटलं ते बघून लगेच वहीत उतरवा, डावात मात्र मोबाइल दुसऱ्या खोलीत.

खेळाच्या आदल्या रात्री टाइल्स मोजून घ्या: १०० भरल्या पाहिजेत, त्यांत दोन कोऱ्या, ज्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. गुण लिहायला पेन आणि पाठकोरा कागद, वेळ लावायला साधं घड्याळ. कोरी टाइल पाच-दहा गुणांसाठी खर्च करायची नाही, सातही अक्षरं बसवण्यासाठी राखून ठेवायची, एवढं झोपण्याआधी पुन्हा एकदा सांगा.